सेलूच्या बाजारातली मांदेली

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हाचा हा आमचा शेजारी. गळ्यात माळ आणि नोकरी मासे मापायची. बंदरावर जाळ्यातून उतरलेली मांदेली मापून, दर्यात ती किती उरली असेल याचा अंदाज सरकारला कळवायचा. सुटीवर वर्ध्याला आला तरी ताटातली भेंडीही बोटाला लावून बघे.

एकदा सेलूच्या बाजारात मी सुकी मांदेली घेतली. मासोळी दिसली की माझी अक्कल पोटात उतरते. हा मात्र टोपलीपाशी उकिडवा बसून एकेक मासा मापू लागला.

"घेऊन राह्यले का नुसतं मापून राह्यले, भाऊ?" विकणारी बाई खेकसली.

"मोठी काऊन नाई यात?"

"आता अशीच येते."

त्याचा चेहरा उतरला. "दादा, हे पिल्लं हायेत. अंडी घालायच्या आधीच धरले. अशानं दर्या रिकामा होईन."

"मंग?"

"मंग काय, सुटी संपली माही. साहेबाले दाखवतो, बारीक जाळी बंद करा म्हणतो."

संध्याकाळच्या गाडीनं तो माळकरी मांडीवर मासोळी घेऊन निघाला. पुरावा कमी पडू नये म्हणून माझी पुडीही मागून नेली. देशासाठी दिली, असं मी घरी छाती काढून सांगितलं.

बायको म्हणाली, "मंग दर्या भरेपर्यंत वरण खा."