कोरडा कागद

पंपावरचा माणूस नळी टाकीच्या तोंडात घालायचा आणि दोन सेकंदांत ती खट्‌ करून बंद पडायची. त्याने परत दाबली, परत खट्‌. पाचव्या वेळी आतून कोणीतरी गुळण्या केल्यासारखा आवाज आला आणि डिझेल उलटं येऊन त्याच्या बुटांवर सांडलं. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते.

"काका, तुमची गाडी पीत नाही," तो म्हणाला.

"पीत नाही कशी? वीस वर्षं पितेय," बाबा खाली उतरून म्हणाले.

मी पिकअपमध्ये बाबांच्या शेजारच्या सीटवर बसले होते आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. दोन आठवड्यांनी शनिवारी माझे एकाहत्तर वर्षांचे वडील या गाडीत भांडीकुंडी, गाद्या आणि आईची शिलाई मशीन भरून दारव्ह्याजवळच्या आपल्या गावी निघणार होते. एकटे, आणि कायमचे. महिनाभर मी भांडून पाहिलं होतं, अबोला धरून पाहिला होता, लायसन्स लपवून पाहिलं होतं. ते त्यांनी दहा मिनिटांत शोधून काढलं. आता गाडीच आडवी येत होती. सुंठीवाचून खोकला जात असेल तर कोणाला नको असतो?

परत येताना केबिनमध्ये डिझेलचा इतका दर्प होता की माझं डोकं चढलं. मी काच खाली केली.

"वास किती येतोय, बाबा."

"कसला वास?" ते म्हणाले. "काही नाही वास-गिस."

हा माणूस हट्टाने काहीही नाकारू शकतो, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

बाबा गवंडी. चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात आले, दुसऱ्यांच्या हाताखाली विटा रचल्या, मग स्वतःची लहानसहान कामं घ्यायला लागले आणि सिमेंट, फळ्या, पत्रे वाहायला ही जुनी पिकअप घेतली. विश्रांतवाडीत विहाराच्या भिंतीलगत ती उभी असायची. गल्लीत उभ्या गाड्यांतलं डिझेल रातोरात उपसलं जायचं, म्हणून बाबांनी नियमच केला होता: टाकी अर्ध्याच्या वर भरायची नाही. चोराला द्यायचंच झालं तर अर्धंच द्यावं. त्यामुळे टाकीच्या वरच्या अंगाचे रबरी पाईप वर्षानुवर्षं कोरडेच होते, आणि तिथे काय झालंय हे कोणाला कळायचं कारणच नव्हतं. पहिल्यांदा टाकी भरायला गेलो आणि सगळं उघडं पडलं.

गॅरेजवाल्याने पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. मी मनातल्या मनात त्याला आशीर्वाद दिला. बाबा म्हणाले, "दोन पाईपांचं तर काम. मी करतो. तू फक्त सामान आण."

आता हे सामान मी का आणावं? पण आणलं. माझा स्वभावच असा विचित्र आहे की समोर काही बिघडलेलं दिसलं की मला स्वस्थ बसवत नाही, मग ते दुरुस्त होणं माझ्या तोट्याचं का असेना. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझे सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास जातात. त्या आठवड्यात मी मोबाइलवर टाकीचे पाईप बदलण्याचे व्हिडिओ बघत होते. बस वाकडच्या पुलावर हलेना, व्हिडिओतला माणूस भराभर नट काढतोय आणि मी सीटवर पाय हलवत बसलेय. शेजारची एकदा म्हणाली, "मॅडम, सीट हलते."

शनिवारी नाना पेठेत गेले. स्पेअर पार्टच्या दुकानातल्या गृहस्थांनी मॉडेल विचारलं. सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"हे मागायला तुम्ही वस्तुसंग्रहालयात जायला हवं होतं. इथे आम्ही चालू गाड्यांचे पार्ट ठेवतो."

"गाडी चालू आहे."

"असं? मग अभिनंदन."

तरी माळ्यावर चढून त्यांनी जाड पाईप शोधून दिला. तोंडापासून टाकीपर्यंत डिझेल उतरतं ते यातून. मग विचारलं, "आणि हवेचा बारीक पाईप? डिझेल आत जाताना हवा बाहेर पडायला वाट नको का?" मी नमुना म्हणून बाबांनी टोकाचा कापून दिलेला तुकडा काढला. जुना, पिवळा पडलेला, काडीसारखा कडक. तो त्यांनी दोन बोटांत धरला.

"हे काय आहे?"

मला ते काय आहे हे बघताक्षणी कळलं होतं. ती लेव्हल ट्यूब होती. भिंतीची पातळी काढायला गवंडी पाणी भरून वापरतात ती पारदर्शक नळी. कधीतरी हवेचा पाईप फाटला असणार आणि बाबांनी हाताशी होतं ते लावलं असणार. साऱ्या जगात ही चूक गवंडीच करू शकतो.

"डिझेल चालेल असा रबर वेगळा असतो," ते गृहस्थ म्हणाले. "गाडीला पाणी पाजत असाल तर मात्र हेच उत्तम."

त्या नळीचं आणि माझं जुनं नातं. लहानपणी रविवारी मी बाबांबरोबर कामावर जायचे. नळीचं एक टोक भिंतीच्या या कोपऱ्यात बाबांच्या हातात, दुसरं पलीकडच्या खोलीत माझ्या हातात. मधे भिंत. ते ओरडायचे, "आलं का खुणेवर?" मी पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि ओरडायचे, "आलं!" त्यांना माझं टोक दिसत नसे. मी सांगेन ते खरं धरून ते रेघ मारायचे आणि त्या रेघेवर अख्खी भिंत चढायची. एकदाही ते उठून तपासायला आले नाहीत.

रविवारी सकाळी आम्ही गाडीखाली शिरलो. आठवडाभर गाडी फिरवून टाकी पुन्हा अर्ध्याखाली आणली होती. बाबांनी बॅटरीची तार काढली, विहारातून अगरबत्ती घेऊन येणाऱ्या शेजारणीला लांबून जायला सांगितलं आणि पाठीखाली पोतं घालून आडवे झाले. जाड पाईप टाकीच्या नळीला असा चिकटला होता की ओढून निघेना. शेवटी ब्लेडने उभा चिरला. आतून त्याला एरंडाच्या पानासारख्या फाटलेल्या भेगा होत्या. हवेची नळी तर मधोमध लोंबून झोळी झाली होती आणि त्या झोळीत डिझेल साचून हवेची वाट बंद झाली होती.

"बाबा, नळी लोंबली की पाणी खालीच थांबतं, हे मला कोणी शिकवलं?"

"तेव्हा घाई होती," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "चढ ठेवून लाव आता."

त्यांनी टाकीच्या तोंडात कचरा पडू नये म्हणून फडकं कोंबलं, नळीची टोकं पुसून काढली, मी पाईप मापाने कापले. क्लिप सरळ बसली नाही म्हणून मी दोनदा काढून परत लावली. मला राग येत होता. पाईपवर नाही. आपण इतकं मन लावून हे करतोय याचा.

दहाच्या सुमाराला बाबा घामाघूम होऊन बाहेर आले. आरशाला धुतलेला पंचा अडकवला होता आणि मडगार्डवर डिझेलने चिंब झालेलं फडकं पडलं होतं. त्यांनी फडकं उचललं आणि त्याने कपाळ पुसलं, गाल पुसले, नाक पुसलं. नीट, सावकाश. मग त्यांना हाताला बुळबुळीत लागलं. ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

मी बघत होते, हे त्यांनी बघितलं.

"साबण आण," ते म्हणाले.

साबण आणायला जिना चढताना माझ्या लक्षात आलं. वास येतच नव्हता त्यांना. थोडासुद्धा नाही. मग एकेक आठवायला लागलं. करपलेलं दूध. खराब झालेली आमटी वाढून घेणं. साथीच्या वर्षी ते तापाने पडले होते, तेव्हाच नाक गेलं असणार. आई होती तोपर्यंत घरात तिचं नाक होतं. आई जाऊन दीड वर्ष झालं, आणि हा माणूस गावात दोन खोल्यांत गॅसची टाकी घेऊन एकटा राहायला निघाला होता.

मला भीती वाटली. त्यांच्यासाठी वाटली असं मी स्वतःला सांगत होते, पण निम्मी माझ्याचसाठी होती. संध्याकाळी कुलूप उघडून अंधाऱ्या घरात दिवा लावायचा, हे मला नको होतं. आणि बाबांचंही खरं होतं. ते म्हणाले होते, "तू सकाळी सातला जाते, संध्याकाळी दिवे लागल्यावर येते. तोवर मी काय भिंतींना लेव्हल लावत बसू?"

मी साबण नेऊन दिला. चार दिवस घरात नुसती आदळआपट चालू होती, आणि ती सगळी माझी होती.

गुरुवारी संध्याकाळी परत पंपावर गेलो. तोच माणूस. नळी लावली आणि डिझेल गडगडत गेलं. एकदाही खट्‌ नाही. अगदी शेवटी एक, तेही टाकी भरल्याचं.

"प्यायला लागली की," तो म्हणाला आणि पाय मात्र लांब ठेवून उभा राहिला.

घरी आलो. बाबांनी गाडी भिंतीलगत लावली, इंजिन बंद केलं, दोन्ही काचा वर केल्या. आम्ही बसून राहिलो. पाच मिनिटं झाली असतील. मग त्यांनी समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत विचारलं,

"वास येतोय का?"

लहानपणच्या त्या नळीनंतर पहिल्यांदाच त्यांनी मला असं काही विचारलं होतं, जे त्यांना स्वतःला कळणं शक्य नव्हतं. केबिनमध्ये त्यांच्या खोबरेल तेलाचा आणि नव्या रबराचा वास होता. डिझेलचा नव्हता.

"येतोय," मी म्हणाले. "थोडा."

"बरं," ते म्हणाले.

मला वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल. तोंड कडू झालं. भिंतीपलीकडून ओरडलेला माझाच आवाज मला आठवला, "आलं!", आणि मी गाडीचं दार उगाच जोरात आपटून वर गेले.

खिडकीतून बघितलं तर बाबा वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडत होते. मग ते गाडीखाली शिरले. दोन पाईप, त्यांची चार टोकं. प्रत्येक जोडावर एकेक पट्टी गुंडाळून त्यांनी दोऱ्याने बांधली. थेंबभर जरी पाझरलं तरी सकाळी कागदावर डाग दिसणार.

सकाळी सहाला मी चहा गाळत होते. ते आले आणि चारही पट्ट्या ओट्यावर ओळीने मांडल्या. थोडी धूळ होती. डाग नव्हता.

"कोरडे," ते म्हणाले.

मी वळले नाही. त्यांनी कप उचलला, घोट घेतला.

"साखर बरोबर आहे. तेवढं कळतं अजून."

बस्स. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. तो दिवस मी ऑफिसात कसा काढला मला माहीत नाही. तीन मीटिंगांमध्ये मला प्रश्न विचारला गेला आणि तिन्ही वेळा मी "परत सांगता का?" म्हणाले.

शनिवारी सामान चढवताना गाद्यांच्या खाली एक खोका सापडला. विजेची शेगडी. सील न फोडलेली.

"ही कधी घेतलीत?"

"दिवाळीत."

म्हणजे गॅसचा विचार त्यांनी माझ्या किती तरी आधी करून ठेवला होता. मी मात्र त्यांना काहीच कळत नाही असं धरून चालले होते. मी बरोबर येते म्हणाले, तर ते म्हणाले, "मग तुला परत सोडायला मी येऊ का?" त्यांनी वर्तमानपत्राची घडी पुढच्या कप्प्यात टाकली आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. मी हातसुद्धा नीट हलवला नाही.

मग मी घरात येरझाऱ्या घातल्या. फरशी पुसली. पुसलेली फरशी परत पुसली.

शिरूरहून फोन आला. "कागद बांधलाय. कोरडा आहे."

"बरं."

नगरहून फोन आला. "चहा घेतला. खाली वाकून बघितलं. कोरडा."

"बरं, बाबा."

दोन वाजता जालन्याहून आला. मागे ट्रक घरघरत होते. "बघितलं. अगदी कोरडा आहे."

मी बरं म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. जालना म्हणजे निम्मा रस्ता. टाकी अर्ध्यावर आली असणार. अर्ध्या टाकीला ते पाईप कोरडेच असतात, हे तर वीस वर्षं आमच्या घरात चालत आलेलं.

"बाबा, आता वरच्या पाईपांत डिझेलच नसणार. कागद ओला होईल कुठून?"

"माहीत आहे नं."

मागचा ट्रक घरघरत निघून गेला.

"परवा मी खोटं बोलले," मी म्हणाले. "वास येत नव्हता."

"तेही माहीत आहे," बाबा म्हणाले. "मेहकरला थांबलो की परत बघतो आणि सांगतो. तू जेवून घे."