माशांना अम्मा आली

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर विश्वास टाकला. तो मी न धुतलेल्या खडीखाली गाडला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मामा (म्हणजे हेच सासरे) सासूबाईंना घेऊन काशीला निघाले होते. त्यांचा जीव दोन एंजल माशांत अडकलेला. त्या जोडीला ते राजा-राणी म्हणत, आणि मला ‘अहो’ म्हणत. यावरून घरातला माझा नंबर लक्षात यावा! बंगळूरच्या त्या टोकाच्या के. आर. पुरमहून आमच्या राजाजीनगरपर्यंत ते ऑटोत टाकी मांडीवर घेऊन आले. प्रत्येक खड्ड्याला ऑटोवाल्याला “स्वल्प हळू!” आणि माशांना “घाबरू नका रे!”

“अहो, चिमूटभर खाद्य घालायचं. बाकी काही करू नका.”

‘बाकी काही करू नका’ हे शेवटचं वाक्य ते गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत गेले. आता मला सांगा, शिकल्यासवरल्या माणसाला इतकं सांगितल्यावर तो स्वस्थ बसेल?

टाकीच्या तळाला जाडीभरडी, काळपट वाळू होती. राजा-राणीनं असल्या वाळूवर राहायचं? आमच्या घरी नुकतीच मोझॅकची फरशी झाली होती आणि उरलेली संगमरवरी खडी परसात पोत्यात पडून होती. पांढरीशुभ्र! मी वाळू उपसली आणि खडी ओतली. धुतली नाही. (नवी वस्तू कशाला धुवायची?)

टाकीचं क्षणात ताक झालं. मासे दिसेनात.

“अहो, मासे कुठायत?” बायकोनं, सुमननं, विचारलं.

“आहेत. आत.”

“आत म्हणजे टाकीत की देवाघरी?”

मग मी ते सगळं पाणी काढून नळाचं ताजं पाणी भरलं. डिसेंबरातलं बंगळूरचं पाणी! मी हात घातला तर दात वाजले. माशांना दात असते तर त्यांचेही वाजले असते. पण टाकी अशी झळकत होती की मी शेजारच्या जयक्काला मुद्दाम बोलावून दाखवली.

पुढच्या काही दिवसांत राजाच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले. मग राणीच्या. दोघं खडीला अंग घासू लागले. सुमन रडवेली झाली. “बाबांना काय तोंड दाखवायचं? एक वेळ तुम्हाला काही झालं असतं तर त्यांनी समजून घेतलं असतं!”

जयक्कानं टाकीत डोकावून गालावर हात मारून घेतला. “अय्यो, हे तर अम्मा आलीय!”

आमच्याकडे कांजिण्यांना अम्मा म्हणतात, आणि अम्मा घरात आली की राज्य माझ्या आईचं. आईनं तिथल्या तिथे हुकूम सोडले. “फोडणी बंद. दाढी बंद. दारावर कडुलिंब लाव. आणि अंगात उष्णता आहे, त्यांना थंड ठेव!”

“आई, मासे पाण्यातच असतात.”

“मग ते पाणी थंड कर!”

मी (पदवीधर!) फ्रिजमधला बर्फ टाकीत सोडला, आणि मग रोज सकाळी सोडत गेलो. जयक्कानं कडुलिंबाचे डहाळे सोडले. आईनं दहीभाताची दोन शितं सोडली. राजा-राणी कोपऱ्यात पर मिटून बसले. आई म्हणाली, “बघ, शांत झाले.”

घरात बिनफोडणीचं वरण, तोंडावर दाढीचं रान. ऑफिसात साहेबांनी विचारलं, “घरी कुणी आजारी?”

“अम्मा आलीय, सर.”

“अरेरे! मुलाला?”

“माशांना.”

त्यानंतर साहेब माझ्याशी फार हळू आवाजात बोलू लागले.

गल्लीत बातमी पसरली. बायका शहाळी घेऊन दर्शनाला यायला लागल्या. कुणी टाकीला हळदकुंकू लावलं. अशाच एका सकाळी ऑटो थांबला. काशीहून परतलेले मामा दारावरचा कडुलिंब पाहून उंबऱ्याबाहेरच थबकले. “कुणाला आलीय?”

सगळ्यांनी टाकीकडे बोट दाखवलं.

मामांनी पाण्यात बोट बुडवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. “यात बर्फ कुणी घातला?”

आई देवघरात गेली. जयक्काला दूध उतू चालल्याची आठवण झाली. उरलो मी.

“ठिपक्यांचा रोग आहे हा! अशा वेळी पाणी हळूहळू कोमट करायचं, चिमूट-चिमूट मीठ घालायचं. आणि माझी वाळू कुठाय?”

“ती... काळी होती.”

“काळी होती! अहो, संगमरवरानं पाणी जड होतं, यांना मऊ पाणी लागतं. धुतली तरी होती का?”

मी फरशीच्या डिझाइनकडे बघत राहिलो. छान झाली होती फरशी.

मामांनी तिथेच मुक्काम ठोकला. वाळू धुऊन परत घातली, पाण्याला ऊब यावी म्हणून टाकीवर दिवा टांगला, आणि काशीहून आणलेला प्रसाद राहिला बाजूला, पाण्यात हात घालून बसले. मी जवळ गेलो की दोघे मासे त्यांच्या हाताआड जात. शेवटी ठिपके गळाले, राजानं पर पसरले, राणी खायला वर आली. सुमन पुन्हा माझ्याशी बोलू लागली. आई म्हणाली, “कडुलिंबाचा गुण!” आणि लसणीची फोडणी टाकली.

पुढल्या वर्षी मामांनी रामेश्वर ठरवलं. मासे सुमनकडे ठेवले आणि सोबत, सासूबाईंना सोडून, मला नेलं! गल्लीभर कौतुक. “जावयाचा केवढा हा मान!” मीही कॉलर ताठ करून गाडीत बसलो.

गाडी हलली तशी मामांनी पाय पसरले, डोळे मिटले आणि समाधानानं म्हणाले, “चला. आता माशांची काळजी नाही.”