हसनभाईंची लाल पेटी आणि रावजीकाकांची संकष्टी

पोलादपूर-महाड धावणाऱ्या मिनीडोर रिक्षांत समोर कुणाचा देव असतो, कुणाची लिंबू-मिरची. हसनभाईंच्या गाडीत मलमपट्टीची लाल पेटी लटकते. कुवेतला कंपनीची बस चालवताना त्यांना दर वर्षी प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागे. पेटीसोबत जखमी माणसासाठीचा एक इंग्रजी शब्दही त्यांनी आणला. कुणाचं बोट कापलं तरी ते आधी विचारतात, "कॅज्युअल्टी कुठंय?"

आपली माणसं भाजल्यावर टूथपेस्ट लावून येतात. हसनभाई ती नळाखाली धुवायला लावतात आणि पाणी चालू असेपर्यंत बोलत राहतात. भाजलेला माणूस वेदनेनं कळवळतोय की भाषणानं, हे बघणाऱ्याला सांगता येत नाही. सगळ्यात जास्त राग त्यांना गर्दीचा. कुवेतमध्ये 'मागे सरका' म्हटलं की लोक मागे सरकत. पोलादपुरात त्याच शब्दांवर मागचे पुढे येतात.

परवाच्या संकष्टीला दुपारी स्टँडवर असंच झालं. उमरठकडचे रावजीकाका बायको गोदूबाईंसोबत बाजार करून गाडीत बसले आणि घामानं निथळायला लागले. हात थरथरू लागले. हसनभाईंना त्यांनी "जावईबापू" अशी हाक मारली. काकांना मुलगीच नाही.

"घेतलेली दिसते," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुझ्या बापानं घेतली असंल," गोदूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात एकानं फिट समजून पायातली चप्पल काढली आणि काकांच्या नाकाशी नेली.

"घाल ती पायात," हसनभाई म्हणाले. "तुझी चप्पल हुंगून धडधाकट मानूस आडवा होईल. गोदूमावशी, काकांना शुगर हाय ना? सकाळपासनं खाल्लंय काय?"

"संकष्टी हाय. चंद्र दिसल्याबिगर चहापन नाय."

"आनि गोळी?"

"गोळी दिली की. गोळीला कुठं उपास असतो?"

हसनभाईंनी कपाळाला हात लावला आणि टपरीवाल्याला हाक मारली. "चांगू, पाण्यात साखर घाल. चांगली मूठभर."

चांगूनं पेला आणला. गोदूबाईंनी त्याच्यावर पंजा ठेवला. गेली काही वर्षं या बाईंनी घरातला साखरेचा डबा शेजारच्या ठमाबाईंकडे ठेवलाय. लग्नाच्या पंगतीत काकांच्या पानातली जिलेबी त्या स्वतः खाऊन टाकतात, नवऱ्याच्या काळजीनं.

"डाक्टर म्हनला, साखर म्हंजे ह्यांना इख."

"रोजची गोष्ट येगळी गो मावशी. गोळीनं साखर खाली आनली, पोटात अन्न नाय. आज साखर नाय तेच इख हाय. आता गिळतायत तवर देऊ दे. शुद्ध गेली की तोंडात थेंबपन घालता येनार नाय."

पंजा हलेना. काकांची मान कलायला लागली. गर्दीत दोन तट पडले. साखरेच्या बाजूनं एकटे हसनभाई होते. शेवटी त्यांनी काकांची हनुवटी धरून गोदूबाईंकडे वळवली.

"काका, ही कोन?"

काकांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. "कोनाची बाय हाय, काय म्हाईत," ते जड जिभेनं म्हणाले. "पन दिसायला बरी हाय."

गोदूबाईंनी पंजा उचलला, पेला हिसकून घेतला आणि स्वतःच घोट घोट पाजायला लागल्या. गणपतीला काय सांगायचं ते मी सांगीन, असं काहीतरी पुटपुटत होत्या.

चांगूच्या वड्यांचा घाणा निघेपर्यंत काकांचा घाम आटला. गोदूबाई अगदी जवळ वाकल्या. "मी कोन?"

"गोदू," काका वैतागून म्हणाले. "आता माझं काय चुकलं?"

लोक हसले. हसनभाईंनी काकांच्या हातात बिस्किटं दिली, "बरं वाटलं तरी डॉक्टर बघंल," म्हणाले आणि गाडी दवाखान्याकडे वळवली. काका मागं बिस्किटं खात होते, कुणी काढून घेत नाही म्हणून जरा घाबरतच.

गोदूबाई पुढं हसनभाईंच्या शेजारी बसल्या होत्या. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "भाई, मानूस असं भ्रमात बोलतो, ते खरं असतं काय रे?"

हसनभाईंनी गिअर बदलला. हे काही कुवेतला शिकवलं नव्हतं.