काकांचा सॅक्स आणि निखिलच्या रेघा

"ताई, काकांना उडवू या," निखिल म्हणाला. "रेडीमेड सॅम्पलमधला सॅक्स लावू. तो बीटवर तरी असतो."

मी हेडफोन काढून ठेवला. डोंबिवलीतल्या माझ्या स्टुडिओत मी मिक्सिंग करते, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवते. अशी मुक्ताफळं रोज कानावर पडतात. पण या वेळी डोकंच सटकलं.

निखिल ठाण्यात बाळकुमच्या टॉवरमधला. स्वतःला प्रोड्युसर म्हणवतो. त्याचा डाउनटेम्पो अल्बम चाललेला. डाउनटेम्पो म्हणजे संथ इलेक्ट्रॉनिक संगीत, कॅफेत लोक ज्याच्यावर गप्पा मारतात ते. त्यात साहेबांना जॅझ हवं होतं. का? तर "क्लासी वाटतं"!

सॅक्सोफोन शहाडच्या मधुकाकांचा. उभी हयात हळदी-लग्नांच्या बँडमध्ये गेली, जॅझ ते घरी रेकॉर्डी ऐकून शिकले. त्यांच्या नावाचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. त्यात वरचे सगळे दात काढायचे ठरलेले. सॅक्सचा माउथपीस वरच्या दातांवर टेकतो. कवळी लावल्यावर तोच सूर लागेल का, हे डेंटिस्टलाही सांगता येईना. म्हणून माझ्याकडे घाईघाईने या अल्बमचे चार ट्रॅक वाजवून घेतले, आणि सोमवारी दात गेले. आता पुन्हा टेक घ्यायची सोय नव्हती.

काका बीटच्या किंचित मागे वाजवतात. जॅझचा जीवच त्यात आहे. निखिलच्या स्क्रीनवर मात्र बीट दाखवणाऱ्या उभ्या रेघा असतात, ती ग्रिड. सूर रेघेमागे दिसला की याच्या पोटात दुखतं. म्हणून या शहाण्याने सगळं क्वांटाइझ केलं, म्हणजे एकेक सूर ओढून रेघेवर नेऊन बसवला. ऐकलं तर सॅक्स मेलेला. मग "फील येत नाही" म्हणून वरून जुन्या रेकॉर्डची खरखर टाकली. तीही विकतची!

"अरे, फील तूच काढलास ना?"

"काकांचं टायमिंगच वीक आहे, ताई."

"ऐकून ठरवलंस की बघून?"

"स्क्रीनवर दिसतंय की!"

घ्या! डोळ्यांनी गाणं ऐकणारी ही जमात हल्ली फार झालीय. "दोन दिवस दे," मी म्हटलं. "तोवर काकांना हात लावायचा नाही."

मूळ टेक माझ्याकडे होते. मी ग्रिड बंद केली. सॅक्स होता तसा ठेवला आणि मशीनचे ड्रम सरकवायला घेतले. काका रेंगाळले तिथे ड्रमही रेंगाळवले. एकेक ठोका, कानाने. मानेचा पार भुगा झाला, पण दुसऱ्या दिवशी चारही ट्रॅक डुलायला लागले.

निखिलने ऐकलं. "बघ, सांगत होतो ना? आले काका शेवटी बीटवर!"

कपाळ माझं! समजावत बसले नाही. कव्हरवर काकांचं नाव त्याच्या नावाएवढंच मोठं टाकायला लावलं.

महिन्याभराने काका कवळी लावून आले. सॅक्सला अजून हात लावला नव्हता. कव्हरवरच्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि डोळे मिटून चारही ट्रॅक ऐकले.

"ड्रमवर कोण गं?"

"मशीन आहे, काका."

"हॅट! मशीन कुठलं? माझं ऐकून वाजवतोय तो."

मला रडूच फुटलं. मशीनला ऐकायला लावायला दोन दिवस पुरले. निखिलची मी अजून गॅरंटी देत नाही.