हत्तिणीच्या वाटेत रुतलेला ट्रक

हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही आफ्रिकेत गेलो. हे म्हणजे माझा नवरा. लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी मी त्यांना नावाने हाक मारत नाही. जन्मभर बॉयलरच्या धगीत काढलेल्या या माणसाला मोकळं रान बघायचं होतं. मोबाइलवर त्यांनी घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या ट्रकांचे व्हिडिओ पाहिले होते, आणि आपल्यालाही असं फिरायचंय हे त्यांच्या मनाने घेतलं होतं.

मी शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर कलहारीचं वाळवंट दाखवायला मला कधी भीती वाटली नाही. पण स्वतः तिथे जायचं म्हटल्यावर मी घाबरले. "दोघंच? ना ड्रायव्हर, ना गाइड?" मी विचारलं.

"अगं, आपल्यासारखेच डावीकडून चालवतात तिकडे. काही अवघड नाही," हे म्हणाले.

परदेशात गाडी चालवायचा परवाना मात्र त्यांनी दोघांचाही काढला. "कागद असू दे," म्हणाले. मी आमची छोटी गाडी भाजी आणायला, फार तर शाळेपर्यंत चालवायचे. सिन्नरच्या पुढे मी कधी स्टिअरिंग धरलं नव्हतं.

नामिबियात ट्रक ताब्यात मिळाला. चारही चाकांना जोर देता येईल असा छोटा ट्रक आणि त्याच्या हौद्यावर पत्र्याची खोली. आत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, एवढासा फ्रीज. ट्रक देणाऱ्या माणसाने तासभर सगळं समजावलं. "वाळू लागली की टायरमधली हवा अर्धी करा," हे त्याने तीनदा सांगितलं. ह्यांनी तीनदा मान हलवली.

पहिले दहा दिवस काही झालं नाही, तरी मी घाबरलेलीच होते. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना काहीच नाही. दोन दोन तास समोरून गाडी येत नसे. आपल्याकडे घाटातसुद्धा वळणावर एखादी चहाची टपरी असते, कुणीतरी माणूस दिसतो. इथे काही झालं तर हाक कुणाला मारायची, हा विचार डोक्यातून जात नव्हता. हे गाणी म्हणत गाडी चालवायचे आणि मी पेट्रोलपंप कुठे कुठे आहेत ते वहीत लिहीत बसायचे.

बोत्सवानात शिरल्यावर माउन नावाच्या गावात आम्ही दोन दिवस थांबलो. तिथल्या बाजारात मी पिशवीभर संत्री घेतली. तिथून उत्तरेला अभयारण्यातून जाणारा कच्चा रस्ता होता. तिसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत निघालो. ह्यांनी मधुमेहाची गोळी घेतली, पण नाश्ता केला नाही. "पुढे सावली बघून पोहे करू," म्हणाले. अभयारण्याच्या फाटकावर मोठा फलक होता. मी तो वाचला नाही. मी ह्यांना टायरमधल्या हवेची आठवण करून दिली, तर म्हणाले, "रस्ता तर बरा दिसतोय."

तासाभरात वाळू सुरू झाली. पिठासारखी मऊ, खोल. इंजिन घुसमटल्यासारखा आवाज करायला लागलं आणि एका चढावर ट्रक थांबला. ह्यांनी रेस दिली, चाकं जागेवरच फिरली आणि ट्रक पोटापर्यंत आत गेला.

गाडीतून उतरू नका, असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण उतरल्याशिवाय इलाज नव्हता. हे फावडं घेऊन चाकांभोवतीची वाळू काढायला लागले. नऊ वाजले नव्हते, पण ऊन डोक्यात जात होतं. मी टपावर चढून चारी बाजूंना बघत उभी राहिले. वाळलेली झाडं, वाळू, आणि भलती शांतता.

फावड्याचा आवाज थांबला. मी खाली वाकून पाहिलं. हे चाकाला टेकून बसले होते आणि घामाने चिंब झाले होते.

"अहो, काय झालं?"

ते काहीतरी बोलले, पण शब्द एकमेकांत अडकले होते. हात थरथरत होते. साखर उतरलीय हे मला कळलं. ग्लुकोजचा डबा पुढे केबिनमध्ये, माझ्या पर्समध्ये होता. मी टपावरून उतरायला वळले आणि तेव्हाच झाडांमागून हत्ती आले.

सहा-सात असावेत. मध्ये एक लहान पिल्लू. पुढे मोठी हत्तीण होती. ती थांबली, कान पसरून उभी राहिली. आमच्यात फार तर शंभर पावलांचं अंतर होतं.

मी टपावरून कशी उतरले ते मला आठवत नाही. ह्यांच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागले. "उठा, उठा ना हो." त्यांचे पाय वाळूत नुसते घसरत होते. मी हळू आवाजात त्यांना शिव्या दिल्या. जन्मात दिल्या नव्हत्या. त्याने की कशाने, पण त्यांनी एक गुडघा टेकवला, मी ढकललं, आणि कसेबसे ते डावीकडच्या सीटवर पडले. मी त्यांच्या अंगावरून पलीकडे गेले आणि वाकून त्यांच्या बाजूचं दार ओढून घेतलं.

हत्तीण चालत आली. धावत नाही, चालत. तिची सावली माझ्या मांडीवर पडली. काचेच्या पलीकडे सुरकुतलेली कातडी आणि एक डोळा दिसत होता. मी पर्समधून डबा काढला, झाकण उघडेना, दातांनी उघडलं. ह्यांच्या तोंडात ग्लुकोजची पूड घातली आणि बाटलीने घोटभर पाणी पाजलं. निम्मं शर्टावर सांडलं.

हत्तीण ट्रकच्या मागच्या बाजूला गेली. मग पत्रा फाटल्याचा आवाज आला आणि सगळा ट्रक हलला. एकदा, परत एकदा. भांडी खाली पडली. मला वाटलं, आता ती आम्हाला उलटं करणार. मी ह्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि डोळे मिटून घेतले. देवाचं नाव आठवेना. सगळे देव एकदम आठवत होते आणि एकाचंही नाव धड तोंडात येत नव्हतं.

"संत्री," हे पुटपुटले.

"काय?"

"संत्र्यांचा वास... फलकावर लिहिलं होतं. संत्री नेऊ नका."

"मग सांगितलं का नाही?"

"तू घेतलीस हे मला माहीत नव्हतं."

त्यांचा आवाज सरळ झाला होता. मागे एक मोठा जीव आमचं घर फोडत होता आणि तरी मला त्या एका वाक्याने रडू आलं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. आवाज थांबला, ट्रक हलायचा थांबला. आरशात पाहिलं तर हत्ती रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडीत जात होते. आम्ही आणखी अर्धा तास तसेच बसलो.

ह्यांनी बिस्किटं खाल्ली, पण उठून उभं राहायची ताकद त्यांच्यात नव्हती. "तुला काढावा लागेल ट्रक," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. मदत येईपर्यंत थांबू म्हटलं. मग त्यांच्या ओठांकडे पाहिलं, ते पांढरे पडले होते. बाटलीत तळाला पाणी होतं. मागे जाऊन पाहिलं, तर टाकीचा नळ हत्तिणीने उपटला होता आणि खालची वाळू ओली झाली होती.

मी उतरले. दर दोन मिनिटांनी झाडीकडे बघत चारही टायरमधली हवा सोडली. उरलेली वाळू हातांनी काढली, फांद्या तोडून चाकांखाली सारल्या. हे खिडकीतून सांगत होते, "चारही चाकांना जोर देणारा तो छोटा दांडा मागे ओढ. पहिला गिअर. क्लच हळू. ब्रेकला पाय लावू नको."

दोनदा इंजिन बंद पडलं. तिसऱ्या वेळी ट्रक कण्हत कण्हत वर आला आणि मी ओरडले.

"थांबू नकोस!" हे ओरडले. "थांबलीस की परत रुतशील."

मग मी थांबलेच नाही. स्टिअरिंग हातातून सुटू पाहत होतं, ट्रक होडीसारखा डुलत होता. प्रत्येक वळणावर वाटायचं, पलीकडे हत्ती असतील, आणि मला ब्रेक लावावा लागेल. ह्यांचे डोळे मिटत होते. "अहो, बोला काहीतरी. झोपू नका." ते बॉयलरबद्दल बोलत राहिले, कुठला व्हॉल्व्ह कधी बदलला ते. मी आयुष्यात इतकं लक्ष देऊन व्हॉल्व्हबद्दल ऐकलं नव्हतं.

पलीकडच्या फाटकाला पोहोचायला तीन तास लागले. पहारेकरी बाईने मला बघून आधी पाण्याचा जग आणला, मग मागचा फाटका पत्रा पाहिला आणि एवढंच म्हणाली, "म्मा, तुझं नशीब." तिकडे वडीलधाऱ्या बाईला म्मा म्हणतात. तिने फोन करून पुढच्या गावातल्या दवाखान्याला कळवलं.

दवाखान्यात ह्यांना सलाइन लावलं. नर्सने विचारलं, असं आधी कधी झालं होतं का? मी नाही म्हणणार, एवढ्यात हे खाली बघून म्हणाले, "दोनदा. निघायच्या आधीच्या महिन्यात."

नर्स गेल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले. आणि तुम्हालाही येऊ दिलं नसतं."

"म्हणूनच," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो गं. आता राहिलं तर राहूनच जाईल, असं वाटलं."

मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. त्यांचं घाबरणं मला कळत होतं, आणि तरी वाळूत ओढताना त्यांचं अंग कसं जड लागलं होतं तेही हातांना आठवत होतं.

उरलेले आठ दिवस ट्रक मीच चालवला. कच्चा रस्ता सोडून डांबरी रस्त्याने, हळू. रोज सकाळी किल्ली फिरवण्याआधी मी त्यांच्याकडे बघायचे, आणि हे डावीकडच्या सीटवर बसून न सांगता दोन बिस्किटांचा छोटा पुडा उघडून खायचे आणि मला रिकामा कागद दाखवायचे.