चोविसावा खण

पडदा वर जातो. अंथुर्ण्याचं सार्वजनिक वाचनालय, दुपारचे साडेचार. मागच्या भिंतीला पुस्तकांची लोखंडी कपाटं. डावीकडे चोवीस खणांचं लाकडी कपाट, त्यात पुस्तकांची कार्डं. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर जातो आणि खणांच्या पितळी कड्या किणकिणतात. मधोमध स्टुलावर सत्तरीचा माणूस, डोक्याला पांढरी टोपी, हातात सुई-दोरा. टेबलाशी एक मुलगी. प्रेक्षक एकच, मी.

हे ग्रंथपाल गेणबा मारकड, गावाचे तात्या. नाटक कंपनीत चाळीस वर्षं तोंडाला रंग लावून मी भाचीकडे राहायला आले, तेव्हा गावात माझ्याशी आपणहून बोलणारे हे पहिले. तात्यांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. त्यांनी दहावी केली, बारामतीला जाऊन ग्रंथपालाची परीक्षा दिली. पुढे घरच्यांनी कळप विकून ऊस लावला, पण तात्या वाचनालयातच राहिले. "मेंढरू आन् पुस्तक सारखंच," ते म्हणत. "खुणेनं ओळखायचं, आन् सांजच्याला जागेवर हाय का बघायचं."

प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड. त्यावर नाव, लेखक, विषयाचा आकडा आणि खाली तात्यांच्या ठसठशीत अक्षरात दोन ओळी, आत काय आहे त्याच्या. दर मार्चला मोजणी. पुस्तक हरवलं, की त्याचं कार्ड काढायचं. एकदा सरपंच मोहनराव म्हणाले, "राहू द्या की तात्या, तपासणीला आकडा जरा भरल्यासारखा दिसतो." तात्यांनी त्यांच्यासमोर नऊ कार्डं काढून फाडली. "पुस्तक न्हाय तर कार्ड न्हाय."

वाचनालय बंद करायच्या वेळेला मात्र ते चोविसावा खण ओढत, एक कार्ड वाचत, ओठ हलवत. विंगेत उभे राहून आम्ही भाषण घोकायचो, तसं. मी कधी विचारलं नाही. विंगेतल्या माणसाशी बोलायचं नाही, ही आमची शिस्त.

यंदा जानेवारीत यादी संगणकावर चढवायचं ठरलं. त्या कामाला इंदापूरहून श्रेया आली, ग्रंथालयशास्त्र शिकलेली, बडबडी पोर. तेवीस खण झाले. चोविसावा उघडून ती थांबली.

"तात्या, हे काय? 'बांडी. आई लांबकानी. उजव्या कानाला चीर. पाऊस यायच्या आधी मुक्कामाच्या तळावर मधोमध येऊन बसती.' हे कुठलं पुस्तक?"

"मेंढरू हाय ते."

"अशी एकशे बारा कार्डं आहेत."

"एकशे चौदा. दोन जोड्या चिकटल्यात बघ."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बानूबाई, तात्यांची बायको, शाळेत कधी गेली नव्हती; पण कळपातलं एकेक मेंढरू तिला तोंडावरून ठाऊक, त्याच्या आईसकट. शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर पडून ती एकेक सांगायची आणि तात्या कोऱ्या कार्डावर उतरवून घ्यायचे. कळप विकून तोवर वीस वर्षं झाली होती. बानूबाई जाऊनही आता सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. सहाही वर्षं मार्चच्या मोजणीतून तात्यांनी हा खण वगळला होता, तेही त्यांनीच सांगितलं.

श्रेया हळूच म्हणाली, "मी संगणकावर नाही घेत. पण खणात राहू द्या ना. कुणाला कळतंय?"

"मोहनरावाला काय तोंड दावू?" तात्यांनी खण मांडीवर घेतला आणि कार्डं पिशवीत भरायला लागले. खेळ संपल्यावर सामान आवरणारा माणूस असतो ना, तसे त्यांचे हात चालत होते.

जन्मभर मी दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोलले. हे एक माझं होतं. "तात्या, कार्डांचंच पुस्तक करा. शिवून टाका. मग तर नियमात बसेल?"

त्यांनी पिशवीतलं एक कार्ड काढून उलटसुलट पाहिलं. "शिवलं तर वाचनालयाचं व्हईल. मागंल त्याला द्यावं लागंल."

"हो, लागेल."

"आन् घरी नेली तर माझ्यामागं चुलीत जातील." त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. "श्रेया, त्या फडताळातनं दाभण दे."

कार्डांना खाली खणाच्या सळईसाठी भोक असतंच. त्यातून त्यांनी पहिला दोरा ओवला. मी सुरुवातीला दाखवलं ते हेच दृश्य. पुठ्ठा लागला, दाखल क्रमांक पडला, शिक्का बसला.

"विषय पशुपालन टाकू?" श्रेयानं विचारलं.

"न्हाय. चरित्र."

"मेंढ्यांचं चरित्र, तात्या? इंदापुरात हसतील मला."

"आधी वाच, मग सांग कुठं ठिवायचं ते. लेखक, बानूबाई गेणबा मारकड."

तिनं चार कार्डं वाचली आणि 'चरित्र' लिहिलं. तात्यांनी रिकामा खण कपाटात सारला. पुस्तक टेबलावर होतं. मी चष्मा लावला आणि म्हटलं, हे मला घरी न्यायचंय.

तात्यांनी नोंदवही उघडली. माझं नाव लिहिलं, मागच्या पानावर तारखेचा शिक्का मारला. उमटला नाही, म्हणून पुन्हा मारला.

"पंधरा दिवसांत आणा, बाई," ते म्हणाले. "उशीर नगा करू. मग मला न्यायचंय. घरी मला दुसरं कोण न्हाय."