लेडीजमधलं नको

माझं मनगट बारीक आहे. त्यात माझा दोष नाही आणि कर्तबगारीही नाही. पण निपाणीच्या बाजारात बांगड्या भरायला बसले, की कासारीण माझा हात दाबून बघायची आणि लहान मुलींची पेटी काढायची. ‘बाई, हात हाय का पेन्सिल?’ असं दर वेळी विचारायची. आजूबाजूच्या बायका हसायच्या, मीही हसायचे. तेव्हा हसायला माझं काही जात नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझा नवरा हृदयविकाराच्या झटक्याने गेला. तेव्हापासून हात दाबून बघणारं कुणी उरलं नाही, नुसतं बघणारे मात्र वाढले. बसमध्ये शेजारी एखादी बाई येऊन बसते. तिची नजर आधी माझ्या कपाळावर जाते, मग गळ्यावर आणि मग खाली मनगटावर येऊन थांबते. कपाळावर मी टिकली लावते, गळ्यात साखळी घालते, त्यामुळे तिथे तिला काही उमगत नाही. मनगटावर सगळं उमगतं. मग तिचा आवाज उतरतो, ती सरकून मला जास्त जागा देते आणि ‘किती वर्षं झाली हो?’ असं विचारते. मला त्या जास्तीच्या जागेचा भयंकर राग येतो.

‘मग बांगड्या घाला की, आता कोण मानतं?’ असं मी शिकवते त्या शाळेतल्या बाई म्हणतात. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता हे म्हणणं सोपं आहे. घातल्या तर गल्लीत ‘घातल्या बघ’ होणार, नाही घातल्या तर ‘बिचारी’ होणार. शिवाय घरात आत्ती आहेत. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी गेल्याला खूप वर्षं झाली, आणि त्यानंतर त्यांनी हातात काही घातलं नाही. त्यांच्यासमोर बांगड्या भरून भाकरी थापायला बसायचं धाडस मला होत नव्हतं. मला बंड करायचं नव्हतं आणि कुणाची दयाही नको होती. मला फक्त मनगट झाकायचं होतं. त्यासाठी घड्याळ हवं होतं, आणि ते चांगलं मोठं हवं होतं, म्हणजे बघणाऱ्याची नजर त्याच्यावरच अडली असती.

हे मी अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला बोलून गेले तिथे घोटाळा झाला. भाऊबीजेला त्याने डबी काढून हातात दिली. ‘लेडीजमधलं सगळ्यात भारी हाय,’ म्हणाला. सोनेरी साखळी आणि शेंगदाण्याएवढी तबकडी. फळ्यावर लिहायला हात वर केला की ते कोपराकडे घसरायचं, खाली केला की उलटं होऊन तळहाताकडे जायचं. वेळ बघायची तर आधी चष्मा शोधायचा. आणि झाकण्याचं म्हणाल, तर त्या नाजूक साखळीमुळे उरलेलं मनगट जास्तच उघडं पडलं. अण्णाचं मन मोडू नये म्हणून मी ते पंधरा दिवस घातलं आणि मग कपाटात ठेवून दिलं.

निपाणीत घड्याळ घेणं शक्यच नव्हतं. दुकानदाराची मुलगी माझ्या वर्गात, त्याची बायको आमच्या गल्लीतली. म्हणून शाळेच्या कामाने बेळगावला जायचं निघालं, तेव्हा काम उरकून मी एका मोठ्या दुकानात शिरले. शिरतानाच ठरवलं होतं की कानडीतच बोलायचं. मराठीत तोंड उघडलं की ‘गाव कुठलं, कुणाच्या तुम्ही’ सुरू होतं आणि दहाव्या मिनिटाला कुणीतरी पाहुणा निघतो. कानडीत मला कुणी ओळखत नाही. माझं कानडी शिक्षण खात्याच्या परीक्षेपुरतं आहे, पण घड्याळ घेण्याइतकं पुरेल असं वाटलं.

‘दोड्डदु बेकु,’ मी म्हणाले. मोठं पाहिजे.

‘मनियवरिगेन्रि?’ काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

मनी म्हणजे घर. घरच्यांसाठी का, असं तो विचारतोय असं मी धरलं. मी काय परकी आहे का, मीही घरचीच. ‘हौद्रि,’ म्हणजे हो, म्हणाले.

त्याने लगेच मला पलीकडे जेंट्सच्या काउंटरवर नेलं आणि ट्रे काढून पुढे मांडायला सुरुवात केली. एकेक घड्याळ हवं तसंच होतं, रुंद, जाड, दुरून दिसणारं. माझं काम इतक्या सहज होतंय याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदातच डोक्यात उजेड पडला. आपल्या बायका ‘मालक’ म्हणतात, ‘आमचे हे’ म्हणतात, तशा कानडी बायका नवऱ्याला ‘मनियवरु’ म्हणतात. मला हा शब्द येत नव्हता असं नाही. आमच्या शेजारची बाई दिवसातून चार वेळा वापरते. पण नवऱ्यासाठी काही घेताय का, असं दोन वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे अर्थ आठवलाच नाही.

खरं तर तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण चुकीचं कानडी दुरुस्त करायलाही कानडीच लागतं. मी पुढचा ट्रे बघायला लागले.

‘साहेबांचा हात केवढा हाय?’ त्याने आता सरळ मराठीत विचारलं. मी मराठी हे त्याने माझ्या ‘हौद्रि’तच ओळखलं होतं.

मी माझा हात पुढे केला. ‘एवढाच.’

त्याने मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘एवढा बारीक? मग लई मोठं नगो, मधल्यातलं बघूया की. न्हाय तर असं करा, साहेबास्नीच एकदा घेऊन या.’

‘ते न्हाईत,’ मी म्हणाले. ‘मलाच पाहिजे.’

त्याची नजर कपाळ, गळा अशी शिस्तीत खाली आली आणि मनगटावर टेकली. जी नजर अडवायला मी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरची रपेट केली होती, तिच्यापुढे मी स्वतःच हात धरून उभी होते. मला इतका संताप आला की डोळे भरायला लागले, आणि डोळे भरले म्हणून आणखी संताप आला. त्याला ते दुःख वाटलं. त्याने जेंट्सचे ट्रे हळूच आत सरकवले आणि दुसरीकडून एक घड्याळ आणलं. काळा अरुंद पट्टा, पांढरी चिमुकली तबकडी.

‘हे घ्या मॅडम,’ तो एकदम मऊ आवाजात म्हणाला. ‘साधं हाय.’

हा ‘साधं’ शब्द मला आता ऐकवत नाही. साडीच्या दुकानात मालक आतल्या पोऱ्याला ओरडून सांगतो, ‘बाईंना साधं दाखव.’ चपलेच्या दुकानात साधं, छत्रीतसुद्धा साधं. मी काय साध्या गोष्टींची वर्गणी भरली आहे? नवरा होता तेव्हा मला भडक रंग आवडत नव्हते आणि लोक म्हणायचे, जरा भडक घाला. आता मला जांभळं हवंसं वाटतं तर कुणी काढून दाखवत नाही.

‘लेडीजमधलं नको आणि साधंही नको,’ मी म्हणाले. ‘मघाचे सगळे ट्रे काढा.’

त्याने काढले. त्यानंतर जे झालं त्यात मात्र दोष कुणाचाच नव्हता, माझ्या मनगटाचा होता. पहिलं घड्याळ पालथ्या वाटीसारखं बसलं आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलं. दुसरं इतकं जड, की फिरून हाताच्या खाली लटकलं. स्टीलच्या पट्ट्याच्या कड्या काढता काढता तो दमला, शेवटी म्हणाला, आता याच्यापुढं काढल्या तर पट्टाच उरत न्हाय. पट्टा अडकवायला घड्याळाला वर-खाली जे कान असतात, ते सपाट असले की माझ्या मनगटाच्या पलीकडे जाऊन हवेत राहायचे. त्यातून सैल बाहीसारखी फट दिसायची, आणि फटीतून तेच मनगट. आरशात मला माझा हात बापाचं घड्याळ चोरून घातलेल्या पोरासारखा दिसत होता.

शेवटी एक सापडलं. निळी तबकडी, ठसठशीत आकडे, आणि कान खाली वळलेले, त्यामुळे ते मनगटाला धरून बसलं. तरी मोठं होतंच. चामड्याच्या पट्ट्याला त्याने आणखी भोकं पाडून दिली, आणि उरलेलं टोक इतकं लांब राहिलं की ते जवळजवळ पुन्हा बकलापाशी आलं. ‘शोभतंय का?’ असं मी विचारलं नाही. मनगट झाकलं होतं. बसमध्ये बसल्यावर शेजारच्या बाईने खरोखर घड्याळाकडेच बघितलं आणि किती वाजले ते विचारलं. मी अगदी खुशीत सांगितलं.

ती खुशी संकेश्वरपर्यंत टिकली असेल. घरी आत्तींनी दारातच हात धरून बघितला. ‘हे गड्याचं घड्याळ हाय,’ म्हणाल्या, आणि भाकरी करायला आत गेल्या.

शाळेत तर विचारायलाच नको. पहिल्याच दिवशी एका बाईंनी घड्याळ बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘मिस्टरांचं का?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही हो, नवीन घेतलंय. त्यांनी मान हलवली, पण ती ‘बरं बरं, तसं समजू’ अशी हलवली. दुपारपर्यंत सगळ्या स्टाफला कळलं होतं की मी नवऱ्याचं घड्याळ घालून येते. हेडमास्तरांनी बोलताना आवाज उतरवला. शिपायाने माझा चहा आधी आणला.

माझ्या नवऱ्याने जन्मात घड्याळ घातलं नाही. हाताला घाम येतो म्हणायचा. वेळ विचारली की खिशातून मोबाइल काढून त्यात मेसेजच वाचत बसायचा आणि मी पुन्हा विचारेपर्यंत वेळ सांगायचा नाही. हे मी चार-पाच जणांना सांगितलं. प्रत्येकाने समजूतदारपणे ऐकून घेतलं. जितकं जोर देऊन सांगावं, तितकी त्यांची खात्री वाढत गेली. ज्या मनगटाकडे बघून लोकांनी गप्प होऊ नये म्हणून मी एवढा खटाटोप केला, त्या मनगटावर मी त्याचं स्मारक बांधल्यासारखं झालं. मोठं घेतलं होतं, त्यामुळे ते दिसतही होतं लांबून. पुढे पुढे मी सांगायचं सोडून दिलं, पण घड्याळ काढलं नाही. काढलं असतं तर ‘आता विसरली’ झालं असतं.

बारीक हातावर मोठं घड्याळ घातलं की ते सगळीकडे आपटतं, हेही कुणी सांगत नाही. टेबलाला, फळ्याच्या कडेला, बसच्या दांड्याला. आपल्याला आपल्या हाताची रुंदी माहीत असते, त्याची नसते. गेल्या महिन्यात एका रविवारी पाण्याची मोटर चालू करायला मी घाईने परसात निघाले आणि घड्याळ दाराच्या लोखंडी कडीवर आपटलं. कट्ट आवाज झाला. बघते तर काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. मी तिथल्या तिथे कडीला, घड्याळाला आणि माझ्या मनगटाला शिव्या घातल्या.

आत्ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. ‘काय झालं गं?’ त्यांनी विचारलं. मी हात त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चीर बघितली. ‘वाढली व्हय?’ म्हणाल्या. ‘ऱ्हाऊ दे. सांजचं बाजारात जा आणि दुसरी भरून ये. असा मोकळा हात ठेवू नगो.’ आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

मी तशीच हात पुढे धरून उभी राहिले. घड्याळाची काच फुटते, तडकते. वाढते ती बांगडी, आणि भरायची तीही बांगडीच. ज्या बाईचा हात रिकामा राहून चालत नाही, तिच्या काकणाला फुटलं म्हणायचं नसतं, म्हणून तो शब्द. दोन वर्षांपूर्वी याच घरात बायका माझ्याभोवती जमल्या, तेव्हा कुणी ‘वाढवा’ म्हटलं नव्हतं. ‘फोडा’ म्हटलं होतं, आणि तेव्हा आत्ती भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

त्या आता बोलून गेल्या ते ठरवून की सवयीने, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी शब्द मागे घेतला असता. मी पर्स घेतली, पिशवी घेतली आणि दारात जाऊन परत आले.

‘तुमाला पण आणू काय एक?’ मी विचारलं.

‘मला कशाला घड्याळ? मला येळ बघून कुठं जायाचंय?’ आत्ती म्हणाल्या. मग हातातली जुडी खाली ठेवून त्यांनी आपला डावा हात समोर धरला आणि उलटासुलटा करून बघितला.

‘पर माझं मनगाट काय तुझ्यागत बारीक न्हाय,’ त्या म्हणाल्या.